आज कार्ड चालतंय, पण पुढच्या अपडेटनंतर?

मित्रहो, लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा विषय निघाला की गाडी लगेच फ्रेम रेटवर जाते. कोणता गेम किती वेगाने चालतो, विंडोजच्या तुलनेत मागे पडतो की पुढे जातो. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण लिनक्स रोज वापरणाऱ्या माणसाशी थोडं निवांत बोलून बघा, त्याची काळजी वेगळीच निघते. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं अपडेट आलंय, घेऊ का? घेतलं आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर नुसता काळा पडदा दिसला तर? ही धास्ती जायला हवी, हीच वापरकर्त्याची पहिली मागणी आहे. वेगाचा नंबर तिच्यानंतर लागतो, असं माझं ठाम मत आहे.

धास्ती येते कुठून, ते आधी पाहू. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारं सॉफ्टवेअर, हा एकच एक प्रोग्रॅम नसतो. त्याचा एक भाग कर्नलमध्ये असतो. कार्डाची मेमरी वाटून देणं, मॉनिटरचं रिझोल्यूशन ठरवणं, कार्डाकडे काम पाठवणं, हे सगळं तो करतो. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर असतो आणि ओपनजीएल किंवा व्हल्कन या चित्र काढायला सांगण्याच्या ठरलेल्या पद्धतींमधल्या आज्ञा त्या-त्या कार्डाला कळतील अशा रूपात आणतो. मुक्त ड्रायव्हरांच्या बाबतीत हा भाग मेसा या प्रकल्पात असतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याची सुरुवात केली.

आता कर्नलचा एक नियम लक्षात घ्या. बाहेरचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, याबाबत कर्नलवाले फार कडक आहेत. पण कर्नलच्या पोटातली रचना मात्र ते मुद्दाम बदलती ठेवतात. आतलं एखादं फंक्शन बदललं की ते वापरणारे, कर्नलच्याच कोडमध्ये असलेले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त केले जातात. जो ड्रायव्हर बाहेर राहतो, त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. मग प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, नव्याने बांधावं लागतं. डीकेएमएस नावाचं साधन हे काम आपोआप करतं, पण बांधणी फसली तर सामान्य वापरकर्त्याला ते कळतं मशीन पुन्हा सुरू केल्यावरच. त्यातच सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलाच कोड चालू देण्याची सोय, चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते, आणि ती नसेल तर बहुतेक वितरणांमधला (उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार लिनक्समधला) कर्नल ते मॉड्यूल घेतच नाही. ज्याला फक्त आपलं काम करायचंय, त्याने ही किल्ली-सहीची भानगड का शिकावी?

म्हणून ड्रायव्हर कुठे राहतो, यावर माझा एवढा भर आहे. कार्डं बनवणाऱ्या एएमडी या कंपनीचं उदाहरण बघा. २००७ मध्ये कंपनीने आपल्या कार्डांची तांत्रिक कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. तरी बरीच वर्षं त्यांचा बंदिस्त ड्रायव्हरही सोबत चालूच होता. २०१५ मध्ये ४.२ या कर्नलमध्ये एएमडीजीपीयू हा नवा ड्रायव्हर आला आणि चित्र पालटलं. पुढच्या वर्षी डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी कंपनीच्या बाहेर राहून व्हल्कनसाठी राडव्ही हा ड्रायव्हर लिहायला घेतला. २०१९ मध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने त्यासाठी एसीओ हा शेडर कंपायलर आणला, आणि शेडर (कार्डावर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याचा वेळ चांगलाच कमी झाला. कंपनीचा स्वतःचा खुला व्हल्कन ड्रायव्हरही होता. तो २०२५ मध्ये थांबवून कंपनीने राडव्हीलाच पाठिंबा दिला. कोड खुला होता म्हणूनच बाहेरच्यांना त्यात हात घालता आला, आणि त्याचा फायदा प्रत्येक वापरकर्त्याच्या पदरात पडला.

एनव्हिडिया या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या कार्डांचा रस्ता जास्त खडतर आहे. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं बाहेरून तपासत, जवळजवळ अंधारात चाचपडत लिहिला. २०१४ च्या दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीने सही केलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, सक्तीचं केलं. त्यामुळे नूव्होला कार्डाचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, वाढवता येईना आणि ताकदीचं कार्ड मंद गतीतच अडकून राहिलं. इतक्या मेहनतीने लिहिलेल्या कोडचं असं व्हावं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी कर्नलचं मॉड्यूल खुलं केलं. हे मोठं पाऊल होतं, पण ते मॉड्यूल अजून मुख्य कर्नलच्या बाहेरच आहे, आणि कंपनीच्या ड्रायव्हरचा वरचा भाग बंदिस्तच आहे. मेसामधला एनव्हीके आणि कर्नलसाठी रस्ट भाषेत लिहिला जाणारा नोव्हा, या एनव्हिडिया कार्डांच्या दोन मुक्त ड्रायव्हरांकडून मला म्हणूनच फार आशा आहे.

वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या लिनक्सच्या नव्या पद्धतीवर, एनव्हिडिया कार्ड वापरणाऱ्यांनी भोगलेला एक त्रास इथे सांगायलाच हवा. खिडकीतलं चित्र मध्येच लुकलुकायचं, क्षणभर आधीची फ्रेम दिसायची, टाइप केलेलं अक्षर गायब होऊन परत यायचं. कारण असं, की कार्डाने फ्रेम पूर्ण काढली आहे की नाही, हे पडदा जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला कळायला हवं. लिनक्सवर ही वाट पाहण्याची सोय कर्नल गुपचूप करत असे आणि मुक्त ड्रायव्हर तिच्यावर विसंबून होते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ती नव्हती. शेवटी हा ‘झालं’चा इशारा उघडपणे देण्याचा प्रोटोकॉल वेलँडमध्ये आला आणि २०२४ मध्ये ५५५ या आवृत्तीपासून कंपनीने तो स्वीकारला. मधल्या काळात वापरकर्ते मात्र मॉनिटर, केबल, डेस्कटॉप असं सगळं बदलून बघत होते.

जुन्या कार्डांचंही तेच. कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरची ५८० ही मॅक्सवेल आणि त्यानंतरच्या पास्कल पिढीच्या कार्डांसाठी शेवटची शाखा आहे. त्यात २०१६ ची जीटीएक्स १०६० सुद्धा येते, जी आजही धडधाकट काम करते. उलट २०१२ च्या सुमाराच्या, जीसीएन रचनेच्या एएमडी रेडिऑन कार्डांना ६.१९ या कर्नलपासून जुन्याऐवजी एएमडीजीपीयू ड्रायव्हर आपोआप मिळतो, आणि हे काम मुख्यतः व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या माणसाने केलं. कार्ड कधी निवृत्त करायचं, हे त्याच्या मालकाला ठरवता आलं पाहिजे.

खुल्या ड्रायव्हरनेही सगळं सुटत नाही. मॉनिटर-टीव्ही जोडण्याच्या एचडीएमआय या मानकाच्या २.१ आवृत्तीची खुली अंमलबजावणी एएमडीने तयार केली होती, पण २०२४ मध्ये ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तिला परवानगी नाकारली. फोर-के आणि १२० हर्ट्झचा पडदा घ्यायचा असेल, तर निदान ही अडचण सुटेपर्यंत डिस्प्लेपोर्ट ही दुसरी जोडणी पाहा असंच मी सांगेन. लॅपटॉप झोपेतून नीट जागा होणं, व्हिडिओचा भार प्रोसेसरऐवजी कार्डाने उचलणं, या गोष्टी तर सगळ्यांनाच हव्यात. त्यावर वेगळं काय बोलायचं?

कंपन्यांकडे माझी मागणी एवढीच आहे: नव्या कार्डाचा कोड कार्ड बाजारात येण्याच्या कितीतरी आधी कर्नल आणि मेसामध्ये पोचू द्या, म्हणजे वितरणांना तो वापरकर्त्यांपर्यंत न्यायला वेळ मिळेल. आणि कार्डाच्या माहितीत ते कोणत्या कर्नलपासून आणि कोणत्या मेसापासून चालतं, हे दोन आकडे छापा. ‘लिनक्सवर चालतं’ एवढ्याने काहीच कळत नाही. आणि तुम्ही, अपडेटनंतर काही बिघडलं तर बूट मेन्यूमधून आधीच्या कर्नलने मशीन सुरू करून बघा. तिथे ठीक चाललं, तर दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या आणि डीमेसेज (dmesg) या आज्ञेने दिसणारा कर्नलच्या नोंदींचा मजकूर जोडून बग नोंदवा. कोणत्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये बिघाड शिरला, हे कळलं की दुरुस्त करणाऱ्याचं शोधाचं काम पुष्कळ कमी होतं.