पैसे आले, पण हे सांगतंय कोण?

नमस्कार मंडळी, एवढ्या पावसात, गाड्या लेट असताना दादरपर्यंत आलात, खूप बरं वाटलं. थेट विषयावरच येते.

वेबहुक म्हणजे काही घडलं की दुसऱ्याचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला आपणहून पाठवतो तो मेसेज. त्यासाठी आपल्या सर्व्हरवर जो यूआरएल असतो तो सगळ्यांसाठी उघडा असतो. पेमेंट गेटवे तिथे कळवतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले, पण तो यूआरएल ज्याला कळला तो कोणीही हेच कळवू शकतो. मी गिरगावातल्या दोघी बहिणींना उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरसाठी साइट करून दिली होती, गणपती तोंडावर आलेले, मेसेज खरंच गेटवेकडून आलाय हे दाखवणारी डिजिटल सही तपासायचं काम मी नंतर करू म्हणून ठेवलं, आणि कोणीतरी खोटे मेसेज पाठवले. त्यांनी पहाटे उठून मोदक वळून दिले, पैसे आलेच नव्हते. चूक माझी होती, अजून लागते मला ती.

तर उपाय म्हणजे एचमॅक, गुप्त किल्ली वापरून मेसेजवर सही करायची पद्धत. १९९७ पासून आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलाय, नवीन काही नाही. एक सिक्रेट, म्हणजे ती किल्ली, फक्त पाठवणाऱ्याकडे आणि आपल्याकडे. पाठवणारा सिक्रेट आणि बॉडी, म्हणजे मेसेजचा मजकूर, घेऊन एसएचए-२५६ या हॅश फंक्शनने सही काढतो, मेसेजसोबत जाणाऱ्या हेडरमध्ये टाकतो, गिटहबचा हेडर एक्स-हब-सिग्नेचर-२५६, रेझरपेचा एक्स-रेझरपे-सिग्नेचर. आपण तोच हिशोब करायचा, जुळला तरच पुढे.

आता खरी गंमत इथे आहे, नीट ऐका. बॉडी बहुतेक जेसन या फॉरमॅटमध्ये असते, आणि सही त्यातल्या बाइट्सवर असते, जेसनच्या अर्थावर नाही. आपण काय करतो, फ्रेमवर्कने पार्स केलेलं, म्हणजे वाचून उलगडलेलं, ऑब्जेक्ट घेतो, परत स्ट्रिंग करतो आणि त्याची सही काढतो. इंग्रजी नावांनी टेस्ट केलं की बऱ्याचदा जुळतंही! मग एक दिवस ग्राहक नाव देवनागरीत लिहितो आणि सही फेल. कारण 'स' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स, पण पायथॉनचं जेसन काही सांगितलं नाही तर तेच बॅकस्लॅश यू ०९३८ असं लिहितं, म्हणजे ६ बाइट्स. जावास्क्रिप्ट तसं करत नाही. दिसायला नाव तेच, सही वेगळी. मग लोक वैतागून तपासणीच बंद करतात, हे कृपा करून करू नका. कच्ची बॉडी घ्या, म्हणजे आली तशीच, नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये त्या रूटला एक्सप्रेस डॉट रॉ, पायथॉनच्या जँगोत रिक्वेस्ट डॉट बॉडी, आधी सही, मग पार्स.

दोन सह्यांची तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने नको, किती वेळ लागला त्यावरून सही कुठपर्यंत जुळली याचा अंदाज घेता येतो. नोडमध्ये त्यासाठी टायमिंगसेफइक्वल हे फंक्शन आहे, फक्त लांबी वेगळी असली तर ते एरर फेकतं, म्हणून लांबी आधी बघा.

आणि खरा मेसेज पकडून कोणी तोच परत पाठवला तर? सही बरोबरच येणार ना! म्हणून स्ट्राइप हा पेमेंट गेटवे वेळही सहीत धरतो, त्यांच्या लायब्ररी ५ मिनिटांहून जुनं नाकारतात. शिवाय उत्तर वेळेत गेलं नाही तर गेटवे स्वतःच पुन्हा पाठवतो, तेव्हा इव्हेंट आयडी, म्हणजे त्या घटनेचा क्रमांक, डेटाबेसमध्ये युनिक ठेवा, नाहीतर एका पैशात दोन डबे जातील.

घरी गेल्यावर एवढं करा, बॉडीतलं एक अक्षर बदलून स्वतःच्याच सर्व्हरला पाठवा, ४०१ यायला हवा, म्हणजे नकार. मग योग्य सहीची पाठवा, २०० यायला हवा, म्हणजे सगळं ठीक. दोन्ही वेळेला ग्राहकाचं नाव ज्ञानेश्वरी ठेवा, देवनागरीत.