ब्रिटनच्या नकाशावरचा ‘ब’

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटनच्या नकाशावरील नावे मराठी वर्णक्रमाने लावायला बसलो, तर ‘ब’पाशी बर्मिंगहॅम, बाथ, बेन नेव्हिस, ब्रायटन, ब्रिस्टल, ब्लॅकपूल अशी रांगच लागते. अक्षर एक असले, तरी ही नावे एका कुळातली मात्र नाहीत.

‘बेन’ हाच शब्द घ्या. लंडनचे बिग बेन आणि स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस यांतले ‘बेन’ कानाला सारखेच लागतात. परंतु पहिले माणसाच्या नावावरून आलेले आहे, तर दुसऱ्याचा अर्थ गेलिक भाषेत ‘डोंगर’ असा होतो. बिग बेन हे खरे तर मनोऱ्याचे नव्हे, तर त्यातील १३.७ टन वजनाच्या घंटेचे नाव. १८५९च्या जुलैत ती टोले देऊ लागली आणि सप्टेंबरात तडकलीदेखील. सुमारे चार वर्षे मुकी राहिल्यानंतर तिला थोडे फिरवण्यात आले, हलका हातोडा बसवण्यात आला आणि तडा तसाच ठेवून ती पुन्हा वाजू लागली. तेथील घड्याळ नेमक्या वेळेवर ठेवण्याची युक्ती तर मोठी घरगुती आहे. लंबकावर जुन्या पेनीची, म्हणजे आपल्या ढबू पैशाच्या बहिणीची, चळत ठेवलेली असते. एक नाणे वाढवले की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते.

१,३४५ मीटर उंचीचे बेन नेव्हिस हे ब्रिटनचे सर्वोच्च शिखर. त्याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात हवामान वेधशाळा होती. १८९४ साली चार्ल्स विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ तेथे काही दिवस राहिला. खालच्या ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवती उमटणारी रंगीत वलये पाहून, असे ढग प्रयोगशाळेत करता येतील का, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. त्यातूनच अदृश्य कणांचा माग दाखवणारे मेघकक्ष हे उपकरण घडले आणि १९२७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रिस्टलच्या मूळ नावाचा अर्थ ‘पुलाजवळची जागा’. शेवटचा ‘ल’ ही तेथील लोकांच्या उच्चाराची देणगी. राजा राममोहन रॉय यांचे १८३३ साली याच शहरात निधन झाले. बाथविषयी फार सांगायला नको, गरम पाण्याचे झरे आणि त्यांवरची रोमन स्नानगृहे नावातच आली.

ब्रायटनपाशी मात्र थांबावेच लागते. हिंदुस्थानी धाटणीच्या घुमटांचा तेथील राजवाडा पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय झाला. आवारात नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे उभारण्यात आली. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळही वेगळे होते. जे हिंदू आणि शीख सैनिक तेथे दगावले, त्यांपैकी ५३ जणांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराचे स्मारक उभे राहिले. त्याचा आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार हेन्रिक्स यांनी केला होता. त्या स्मारकाला इंग्रजीतही ‘छत्री’ असेच म्हणतात.