‘उभ्या’च्या स्पर्धेत, बसून

(दृश्य: पांढऱ्या चौकोनात काळं वर्तुळ. कॅमेरा संथपणे जवळ जातो. आवाज फक्त श्वासाचा.)

या काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यावर एक ठिपका आहे. रुंदी अर्धा मिलिमीटर. दहा मीटरवरून तो दिसत नाही. तो तिथे आहे असं धरून नेम लावायचा.

30 ऑगस्ट 2021. जपानमधली असाका शूटिंग रेंज, टोकियो पॅरालिम्पिकची अंतिम फेरी. स्पर्धेचं नाव आहे महिलांची दहा मीटर एअर रायफल, ‘स्टँडिंग’. म्हणजे उभ्याने. आणि रांगेतली जयपूरची एकोणीस वर्षांची अवनी लेखरा व्हीलचेअरवर बसलेली आहे.

हे कसं, ते आधी सांगायला हवं. रायफल नेमबाजीत तीन पवित्रे असतात. उभ्याने, गुडघा टेकून आणि पालथं पडून. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी नियम बांधताना या पवित्र्यांचा अर्थ पायांमधून काढून कोपरांत नेला गेला. समोरच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकली की ‘पालथं’. एक टेकलं की ‘गुडघ्यावर’. एकही कोपर टेकवायचं नाही, रायफलचं सगळं वजन आपल्याच हातांनी पेलायचं, तर ते ‘उभ्याने’.

या नियमाने अवनी उभी होती.

(दृश्य: धरणाचं पाणी. उन्हाळ्यात पाण्याबाहेर आलेला जुन्या देवळाचा कळस.)

पुनर्वसन हा शब्द आपल्या कानांवर पहिल्यांदा पडला तो धरणांमुळे. कोयना, उजनी. गाव पाण्याखाली गेलं, माणसांना दुसरीकडे जागा मिळाली. त्या माणसांना विचारा, पुनर्वसन म्हणजे जुन्या गावात परत जाणं नव्हे, हे ती पहिल्याच वर्षी शिकली. नव्या जागी पाणी कुठे, सावली कुठे, शेजार कसा, हे पहिल्यापासून लावून घ्यायचं.

मणक्याला मोठी इजा झालेल्या मुलाच्या घरी हाच शब्द डॉक्टर वापरतात, आणि घरच्यांना तो ऐकू येतो तो उलटा. त्यांना वाटतं, पुनर्वसन म्हणजे पोर पुन्हा पहिल्यासारखं होणार.

(दृश्य: रस्ता, धावत्या गाडीतून. राजस्थानचा हिवाळा.)

फेब्रुवारी 2012. लेखरा कुटुंब जयपूरहून धोलपूरकडे गाडीने निघालं होतं. वाटेत अपघात झाला. अवनीला तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं. पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि कमरेखालची हालचाल व संवेदना दोन्ही गेल्या.

आपल्या कण्यात करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू असतो. मेंदूचा निरोप पायापर्यंत आणि पायाचा निरोप मेंदूपर्यंत त्यातूनच जातो. मोडलेले मणके पट्ट्या आणि स्क्रू बसवून सांधता येतात. तुटलेला रज्जू सांधणारी शस्त्रक्रिया आज जगात कुठेही नाही. हे वाक्य ऐकायला फार कठीण आहे, म्हणून ते बऱ्याचदा अर्धवट सांगितलं जातं. आमच्या मते ते पूर्ण सांगावं. शांतपणे, बसून, गरज पडली तर चार वेळा सांगावं.

कारण ते न सांगितल्याने जी वर्षं जातात, ती परत मिळत नाहीत. मालिशवाला, काढे, नवस, मग कुणीतरी सांगितलेलं स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन. शेत विकून, दागिने मोडून लोक हे करतात. लेकराच्या पायांसाठी आईबाप काहीही करतील, त्यांना दोष देता येत नाही. पण मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा अजून प्रयोगाच्या पायरीवरचा विषय आहे. परवानगी घेऊन चाललेल्या संशोधनाबाहेर, पैसे घेऊन तो उपचार म्हणून देणं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांत बसत नाही. हे मोठ्याने सांगण्याची जबाबदारी आमच्यासारख्या कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांचीही आहे.

(दृश्य: पलंग. चादर नीट ताणणारे हात. चेहरा दिसत नाही.)

चालणं गेलं, एवढंच बाहेरच्यांना दिसतं. घरात मात्र लढाई वेगळ्याच गोष्टींशी असते.

चादरीची एक घडी. तुमच्याआमच्या पाठीखाली आली तर आपण झोपेतच कूस बदलतो. ज्याला खालचं अंग कळतच नाही, त्याच्या पाठीखाली ती रात्रभर राहते. सकाळी कातडी लाल, चार दिवसांत जखम, आणि ती हाडापर्यंतही जाऊ शकते. हा बेडसोर. तो टाळायला पलंगावर असताना साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. म्हणजे घरातलं कुणीतरी रात्री गजर लावून उठतं. खुर्चीत बसायला लागलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, किंवा पुढे-बाजूला झुकून बसण्याच्या जागेवरचा भार सोडायचा. वर्गात गणित चालू असतानाही. सिनेमा बघतानाही.

मग लघवी. मूत्राशय भरलंय हे कळत नाही, आणि कळलं तरी आपल्या इच्छेने रिकामं होत नाही. दर चार ते सहा तासांनी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून ते रिकामं करावं लागतं. तुंबून राहिलं तर जंतुसंसर्ग, आणि पुढे मूत्रपिंडांवर ताण. सुरुवातीला हे आई करते. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीने, चौदा वर्षांच्या मुलाने आईसमोर रोज हे किती दिवस सोसायचं? म्हणून पुनर्वसनातला खरा मोठा दिवस बहुतेक कुणाच्या फोटोत नसतो. तो दिवस म्हणजे पोराने बाथरूमचं दार आतून लावून स्वतःचा कॅथेटर पहिल्यांदा स्वतः घातला तो.

आणि वाढतं वय. मोठ्या माणसाचं शरीर निदान आहे तेवढंच राहतं. मुलाची उंची वाढते. पोटापाठीचे स्नायू धरत नसताना कणा वाढू लागला की तो एका बाजूला कलतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयाआधी इजा झालेल्या मुलांत हा बाक फार मोठ्या प्रमाणात येतो. काल बरोबर असलेली व्हीलचेअर उद्या अरुंद होते. त्यात खांदे. आता चालणं, चढणं, पलंगावरून खुर्चीत सरकणं, सगळं खांद्यांवर. ते आयुष्यभर पुरायला हवेत, म्हणून ताकद वाढवायची तशी त्यांची राखणही करायची.

फिजिओ येतात, पाय हलवतात. लोक विचारतात, पाय चालणारच नाहीत तर हलवायचे कशाला? सांधे आखडू नयेत म्हणून. स्नायू आपोआप ओढले जातात, ते सैल राहावेत म्हणून. ज्या पायांची जाणीव नाही त्यांचीही काळजी घ्यावी लागते, कारण ते आपलेच आहेत.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरमधले तिरंदाज.)

हे सगळं एका माणसाने पहिल्यांदा नीट मांडलं. लुडविग गुटमन. जर्मनीतले ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ, नाझींच्या छळामुळे 1939 साली इंग्लंडला आलेले. 1944 मध्ये तिथल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी विभाग सुरू झाला आणि तो त्यांच्याकडे आला. त्याआधी कणा मोडलेला जवान बहुधा काही महिन्यांत किंवा दोनेक वर्षांत जायचा. कण्याने नव्हे, बेडसोरने आणि लघवीच्या संसर्गाने. गुटमननी दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम लावला, रात्रंदिवस. माणसं जगू लागली. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जगून करायचं काय? आणि त्यांच्या हातात चेंडू दिले, धनुष्यं दिली. 29 जुलै 1948 रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवशी रुग्णालयाच्या मैदानात सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे. खेळ आधी औषध होता, पदकं नंतर आली.

आपल्याकडे हा धागा 1965 सालातून आला. मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया त्या वर्षी 29 मे रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे होते. त्याच वर्षीच्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांच्या कण्याला गोळी लागली. ते स्टोक मँडव्हिलला उपचार घेऊन आले, आणि पुढे दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभारलं. त्याच युद्धात सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. 1972 साली हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण दिलं.

(दृश्य: जयपूर, जगतपुऱ्याची शूटिंग रेंज. दुपार.)

अवनीची शाळा काही काळ घरातच भरली, मग ती जयपूरच्या केंद्रीय विद्यालयात जाऊ लागली. 2015 साली, अपघाताला तीन वर्षं झाल्यावर, सुट्टीत वडिलांनी तिला बाहेर काढलं. तिरंदाजी दाखवली, नेमबाजीही दाखवली. तिला रायफल आवडली. मग ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या नेमबाज अभिनव बिंद्राचं आत्मचरित्र वाचनात आलं, आणि आवड पक्की झाली.

या खेळाची निवड किती नेमकी होती ते पाहा. रायफल जड. ती कोपर न टेकता धरायची तर पोटापाठीचे स्नायू लागतात, आणि नेमके तेच या इजेत दगा देतात. म्हणून खुर्चीच्या पाठीची उंची, बसण्याचा कोन, श्वास कुठे थांबवायचा, हे सगळं नव्याने बसवावं लागतं. दुसऱ्या बाजूने, इथे वेगाची शर्यत नाही. स्थिर राहणं हीच इथली कमाई. ज्या मुलीला वर्षानुवर्षं लोक ‘बसून असते’ म्हणाले असतील, तिने स्थिर बसण्यातच कसब मिळवलं.

पुढे तिच्या प्रशिक्षक झाल्या सुमा शिरूर, 2004च्या अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठलेल्या नेमबाज, आपल्या पनवेलला अकादमी चालवणाऱ्या. जयपूरच्या मुलीच्या नेमाला असा पनवेलचा हात लागलेला आहे.

(दृश्य: बंद दुकानं, रिकामा रस्ता. 2020.)

टोकियोची तयारी चालू असताना टाळेबंदी आली. रेंज बंद. घरातच लक्ष्य बसवून सराव चालू राहिला. बातम्यांत हे आलं. त्याच काळात अवनीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र कमी लोकांनी उचलली. कमरेखाली संवेदना नसल्या तरी पायांचा व्यायाम तिला रोज करावा लागतो. त्यासाठी फिजिओ घरी यायचे, तेही बंद झालं. मग आईवडील शिकले, आणि पाय हलवण्याचं काम त्यांनी हातात घेतलं.

अपघाताला आठ वर्षं झाली होती. पुनर्वसन चालूच होतं.

(दृश्य: पुन्हा काळं वर्तुळ.)

असाका. पात्रता फेरीत अवनी सातवी आली होती, पुढे गेलेल्या आठ जणींत सातवी. अंतिम फेरीत चोवीस गोळ्या. बेरीज 249.6, जागतिक विक्रमाची बरोबरी आणि सुवर्ण. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. चार दिवसांनी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य. पालथं, गुडघ्यावर, उभ्याने, तिन्ही बसूनच.

तीन वर्षांनी पॅरिस, 30 ऑगस्ट 2024. शेवटची एक गोळी उरलेली. कोरियाची ली युनरी पुढे. तिच्या गोळीला गुण मिळाले 6.8. अवनीच्या गोळीला 10.5. बेरीज 249.7, दुसरं सुवर्ण.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली. पलंग आणि व्हीलचेअर यांच्यामध्ये गुळगुळीत लाकडी फळी. एक लहान हात फळीवर.)

हे पदक तुमच्या-आमच्या ओळखीतल्या पोराला मिळेलच असं नाही. मिळायलाच हवं असंही नाही. त्याला हवं ते या खोलीत आहे: या फळीवरून पलंगातून खुर्चीत, कुणी न उचलता.

म्हणून रुग्णालयातून घरी न्यायच्या आधी विचारा. कातडी रोज कशी तपासायची, आरशाने कुठे कुठे बघायचं, ते आम्हाला करून दाखवा. कॅथेटर पोराला स्वतःला शिकवा. खुर्चीचं माप कोण घेणार, आणि ती लहान झाली की कुठे यायचं? मुंबईत हाजी अलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, 1955 पासूनची, सरकारी. तिथली चिठ्ठी मागा. बाथरूमचं दार मोजून या. चाकं आत जायला हवीत.

आणि या सगळ्या धावपळीत, पहिल्याच आठवड्यात, पोराच्या समोर, त्याला ऐकू जाईल असं हेही विचारा: शाळा कधी सुरू करायची?