मागचं दार जातं कुठे?

मंडळी, पहिल्यांदा ते दार उघडलं तेव्हा मी वाकून गाडीखाली बघितलं होतं. ऐंशीच्या दशकात शिकायला अमेरिकेत गेलो, तेव्हा घरमालकाकडे ही जुनी स्टेशन वॅगन होती, म्हणजे छत थेट मागपर्यंत गेलेली, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली लांब गाडी. त्यानं मागे किल्ली फिरवली, काच घरंगळत वर छतात शिरली. मग खालच्या पत्र्याच्या भागाला हात लावला, तर तो वळत वळत फ्लोअरच्या खाली गडप! मागे नुसतं मोकळं भगदाड.

जनरल मोटर्सनं १९७१ ते १९७६ या मॉडेल वर्षांत हे दार दिलं. शेव्हरोले किंग्सवुड, कॅप्रिस इस्टेट, ब्यूक इस्टेट, ओल्ड्समोबाइल कस्टम क्रूझर, पाँटिॲक सफारी. नावं अनेक, दार एकच. लोक त्याला क्लॅमशेल म्हणत, म्हणजे शिंपला. काच मोटरवर चाले. जास्तीचे पैसे मोजले तर खालचा भागही.

एवढा खटाटोप कशाला? जुन्या वॅगनचं दार फळीसारखं खाली पडायचं, आतलं सामान काढायचं तर त्या फळीवर ओणवं व्हावं लागे. मागे ट्रेलर जोडला असेल किंवा गाडी गॅरेजच्या भिंतीला टेकली असेल, तर दार उघडणार कुठे? फोर्डनं १९६६मध्ये सोपा तोडगा काढला होता: तेच दार खालीही पडतं आणि बाजूलाही उघडतं, फक्त बिजागऱ्यांची करामत. जनरल मोटर्सनं मात्र दारच नाहीसं केलं. इंजिनिअर म्हणून मला ते भारी वाटतं. पण वाकडे रूळ, मोटर, स्प्रिंगा, काच मावेल असं छत... आणि त्या रुळांत धूळ-पाणी जाणारच की!

आठ बाय चारची प्लायवूडची शीट आम्ही आत सरकवली, तर दोन्ही चाकांच्या मध्ये ती सपाट बसली. आपले सुतार ही शीट टेम्पोतून नेतात. १९७४ची ब्यूक इस्टेट पावणेसहा मीटरहून लांब, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या जवळजवळ दीडपट. वजन सव्वादोन टनांच्या पुढे, इंजिन साडेसात लिटरचं. ॲव्हरेज विचारू नका. बरं, विचारलंतच तर लिटरला चार-पाच किलोमीटर.

आणि या गाड्यांच्या बाजूंना लाकूड दिसायचं, ते? तो विनाइलचा स्टिकर! खऱ्या लाकडाचे दिवस पन्नासच्या दशकातच सरले होते. घरमालकाच्या गाडीवर उन्हानं त्याचा एक कोपरा सुटला होता, येता-जाता तो अंगठ्यानं दाबायचा.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. १९७४मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. १९७७च्या मॉडेलमध्ये जनरल मोटर्सनं लांबी-वजनाला कात्री लावली आणि शिंपला गेला. त्याच्या जागी आलं काय? फोर्डसारखंच, खाली आणि बाजूला उघडणारं दार. मला यात थोडी गंमत वाटते, थोडं वाईटही.

पुढे १९८४च्या मॉडेल वर्षात क्रायस्लरची मिनीव्हॅन, म्हणजे उंच छताची कौटुंबिक व्हॅन, आली आणि कुटुंबं तिकडे वळली. पूर्ण आकाराच्या शेवटच्या वॅगन १९९६च्या, त्यांतली एक ब्यूक रोडमास्टर इस्टेट. लाकडाचा स्टिकर तिच्यावरही होता.