निबंध वाचायचे पैसे कोणी द्यायचे?

नमस्कार श्रोतेहो.

बहुतेक शास्त्रांत नवं संशोधन नियतकालिकात छापून येतं. संगणकशास्त्राची रीत मात्र न्यारी आहे. इथे नवं काम आधी परिषदेत मांडलं जातं आणि त्या परिषदेच्या निबंधांचा जो खंड निघतो, ज्याला ही मंडळी ‘प्रोसिडिंग्ज’ म्हणतात, तोच त्या कामाचा अधिकृत दाखला ठरतो. नोकरी, बढती, अनुदान, सगळं त्यावर अडलेलं. म्हणून हे खंड कुलपात असावेत की सगळ्यांना खुले, हा वाद या शास्त्रात फार जिव्हाळ्याचा आहे.

खंड तयार कसा होतो ते आधी पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. निबंध लेखक लिहितो, त्याबद्दल त्याला काही मिळत नाही. तो तपासणारे दोन-तीन किंवा चार जाणकार असतात, त्यांनाही काही मिळत नाही. निबंध स्वीकारला गेला की लेखक दुरुस्त्या करून ‘कॅमेरा-रेडी’, म्हणजे थेट छापता येईल अशी प्रत पाठवतो. समीकरणं, आकृत्या, समास, संदर्भसूची, सगळं त्यानेच लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, परिषदेने दिलेल्या साच्यात बसवलेलं असतं. अक्षरजुळणीसुद्धा फुकटच झाली म्हणायची! जुन्या पद्धतीत यापुढे लेखक एका कागदावर सही करून कॉपीराइट प्रकाशकाच्या हवाली करायचा आणि मग त्याच्याच विद्यापीठाचं ग्रंथालय वर्गणी भरून तेच लेखन विकत घ्यायचं.

लाटेक ज्यावर उभं आहे ते टेक हे मूळ सॉफ्टवेअर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी तयार केलं, आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून. याच नूथनी 2003 साली ‘जर्नल ऑफ अल्गोरिदम्स’च्या संपादक मंडळाला एक लांबलचक पत्र लिहिलं. प्रकाशक एल्सव्हिअर किती किंमत लावतो, याचा त्यांनी त्यात हिशोबच मांडला होता. पुढे अख्ख्या मंडळाने राजीनामा दिला आणि नवं नियतकालिक काढलं. आता तेही तेव्हा वर्गणीवरच चालायचं. किंमत उतरवणं आणि दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाही का?

दार उघडणारे मात्र त्याआधीपासून कामाला लागले होते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातून 1995 पासून ‘सीईयूआर वर्कशॉप प्रोसिडिंग्ज’ ही मालिका चालते. लहानमोठ्या कार्यशाळांचे तीन हजारांहून जास्त खंड तिथे आहेत. वाचायला पैसे नाहीत, छापायलाही नाहीत. सगळं काम स्वयंसेवक करतात, त्यामुळे झगमगाट नाही, पण खंड जागेवर असतात. 2008 मध्ये यूझनिक्स या संस्थेने आपल्या परिषदांचे सगळे निबंध सर्वांना खुले केले. साधारण त्याच सुमारास जर्मनीतल्याच श्लोस डागश्टूल या संगणकशास्त्र केंद्राने परिषदांच्या खुल्या खंडांची ‘लिपिक्स’ मालिका सुरू केली. मशीन लर्निंगवाल्यांचं तर विचारूच नका. 2017 साली ट्रान्सफॉर्मर रचनेचा निबंध आधी आर्काइव्हवर, म्हणजे निबंध फुकट वाचता येणाऱ्या संकेतस्थळावर आला, मग परिषदेच्या खुल्या खंडात. आज ज्या चॅटबॉटशी लोक गप्पा मारतात, त्यांचा पाया असलेला हा निबंध कोणालाही, एक पैसा न देता, पहिल्या दिवसापासून वाचता आला.

आता कोणी म्हणेल, सगळं फुकटच होत असेल तर खर्च कसला? खर्च आहे. प्रत्येक निबंधाला डीओआय हा कायमचा क्रमांक द्यायचा, लेखकांची नावं आणि संदर्भ नोंदींत नीट चढवायचे, सर्व्हर चालता ठेवायचा आणि मुख्य म्हणजे पन्नास वर्षांनीही ती फाइल उघडेल याची हमी द्यायची. नुसती वेबसाइट थाटून निबंध टांगणारे पुष्कळ असतात. परिषद बंद पडली, डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, की निबंध गायब.

हा खर्च भरायचा कोणी, यावर मात्र माझं मत ठाम आहे. परिषदेला येणाऱ्यांच्या नोंदणी शुल्कात, प्रायोजकांच्या पैशात किंवा संस्थेच्या अनुदानात तो मुरवावा. लेखकाकडून निबंधामागे शुल्क घेण्याची पद्धतही रूढ होते आहे, पण त्यात वाचकाच्या दारावरचा पहारेकरी लेखकाच्या दारात आणून बसवला जातो. ज्याच्या विद्यापीठाकडे पैसे नाहीत, तो आधी वाचू शकत नव्हता, आता छापू शकणार नाही. लिपिक्सही शुल्क घेते, पण ते बेताचं असतं आणि बहुतेक वेळा परिषदच भरते, म्हणून त्याला माझी हरकत नाही.

या चर्चेत सर्वात मोठं नाव एसीएमचं, म्हणजे असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरीचं. 1947 साली स्थापन झालेली ही संस्था संगणकशास्त्रातल्या कितीतरी अव्वल परिषदांचे खंड काढते. 2022 मध्ये तिने 1951 ते 2000 या काळातलं सगळं साहित्य खुलं केलं. एक लाख सतरा हजारांच्या वर दस्तऐवज! जानेवारी 2026 पासून तिची सगळी प्रकाशनं खुली करण्याचा निर्णयही तिने जाहीर केला. त्यासाठी विद्यापीठं वार्षिक करार करतात, ज्यांचा करार नाही त्यांच्या लेखकांना शुल्क पडतं. गरीब देशांसाठी माफी किंवा सवलत आहे. पण मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या लहान कॉलेजांच्या लेखकांचं काय, ही गोष्ट मला खटकते.

आणखी एक. पीडीएफ फुकट उघडली म्हणजे निबंध खुला झाला असं नव्हे. त्यावर परवाना कोणता आहे ते पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ असेल, तर लेखकाचं श्रेय देऊन तो निबंध तुम्ही भाषांतरित करू शकता, वर्गात वाटू शकता, त्यातली आकृती आपल्या पुस्तकात घेऊ शकता. परवानाच नसेल तर वाचण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. परिषद भरवणाऱ्यांनी परवान्याची ही ओळ पहिल्या पानावर छापायला विसरू नये.

तुम्हाला एखादा निबंध हवा असेल आणि वाटेत पैशांची पाटी आडवी आली, तर आधी डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या निबंधांच्या ऑनलाइन सूचीत शीर्षक शोधा. खुली प्रत असेल तर बहुधा तिथेच दिसते. नसेल तर आर्काइव्ह पाहा, मग लेखकाचं स्वतःचं पान. तिथेही नसेल तर लेखकाला सरळ दोन ओळींचा ई-मेल टाका. आपलं काम कोणीतरी वाचू पाहतंय याचा लेखकांना आनंदच होतो, आणि बरेच जण निबंध पाठवून देतात.

नमस्कार.