बॅलन्स शाफ्ट काढायचाय? आधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या

नमस्कार मंडळी! हा माझ्या हातात आहे ना, हा बॅलन्स शाफ्ट. नीट बघा, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला रोड. इंजिनातला बाकीचा प्रत्येक फिरता भाग समतोल व्हावा म्हणून इंजिनिअर जिवाचं रान करतात, आणि हा मात्र मुद्दाम एकांगी बनवलेला. नाव काय, तर बॅलन्स शाफ्ट!

"हा काढून टाकला तर चालेल का?" चालेल, इंजिन सुरू होईल, गाडी पळेलही. पण रोजच्या गाडीतून तो काढू नये या मताचा मी आहे. का, ते कळायला आधी पिस्टनकडे जाऊ.

एका ओळीत चार सिलिंडर. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वाटतं, फिटंफाट झाली. होत नाही. मित्सुबिशीचं ४जी६३ इंजिन घ्या, दोन लिटरचं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची वाट, ८८ मिमी. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड १५० मिमी. क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा फिरला की पिस्टन बरोबर निम्म्यावर, म्हणजे ४४ मिमी खाली असायला हवा. असतो कुठे? ५०.६ मिमीवर! कारण रॉड तिरका झालाय, आणि शिडी तिरकी लावली की कमी उंचीपर्यंत पोचते, तसंच हे. पुढच्या पाव फेऱ्यात पिस्टनला उरतात फक्त ३७.४ मिमी.

म्हणजे वरच्या निम्म्या वाटेत पिस्टन घाईत, खालच्या निम्म्या वाटेत निवांत. त्यामुळे वर जाणारी जोडी आणि खाली येणारी जोडी एकमेकींना पुरत्या फेडत नाहीत. थोडी बाकी उरते, आणि ती चौघांची मिळून एकाच दिशेला. क्रँकच्या एका फेऱ्यात हा धक्का दोनदा वर, दोनदा खाली.

"थोडी बाकी" म्हणजे किती? प्रत्येक पिस्टनमागे वरखाली होणारं वजन ६०० ग्रॅम धरा. ६००० आरपीएमला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना, हा धक्का साधारण १२५० किलो वजनाच्या जोराचा होतो, सेकंदाला २०० वेळा. २००० आरपीएमला तोच १४० किलोच्या आत. वेग तिप्पट, धक्का नऊपट. म्हणून शाफ्ट काढलेली गाडी उभी असताना चालू करून "बघा, काही फरक नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

यावर तोड काढली फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनिअरनं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. दोन एकांगी शाफ्ट, क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट फिरवायचे. आडवे धक्के ते आपापसात मिटवतात, उभे धक्के एकत्र येऊन पिस्टनच्या धक्क्याला भिडतात. मित्सुबिशीनं १९७० च्या दशकात एक शाफ्ट उंचावर, एक खाली बसवून हे आणखी सुधारलं आणि 'सायलेंट शाफ्ट' म्हणून विकलं. पोर्शनं आपल्या ९४४ गाडीसाठी चक्क त्यांच्याकडून परवाना घेतला.

मग लोक काढतात का? ४जी६३ पुरतं बोलायचं तर भीतीपोटी, आणि ती भीती खरी आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारा मोठा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. त्याच्या मागे एक छोटा बेल्ट असतो, एका शाफ्टला फिरवणारा. तो तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टखाली जातात, टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. शंभर ग्रॅमही नसलेल्या रबराच्या पट्टीपायी इंजिनाचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग, अख्खं हेड हातात! पण यावर साधा उपाय आहे : टायमिंग बेल्ट बदलताना छोटाही बदला. तो जुनाच ठेवणं ही बचत नव्हे.

पॉवरचं म्हणाल तर शाफ्ट फिरवायला आणि तेल घुसळायला जोर लागतो, तो वाचतो. पण सीटवर बसून जाणवावा इतका नाही. सतत वरच्या आरपीएमला राहणाऱ्या रेसच्या गाडीचा हिशेब वेगळा. तिथे कोणी आरसा थरथरतो म्हणून तक्रार करत नाही.

काढायचंच ठरवलंत तर हे ऐका. ४जी६३ मध्ये दुसरा शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरवर फिरतो. तो सरळ उपटला तर पंपाच्या गिअरला आधार राहत नाही, म्हणून तिथे आखूड शाफ्ट बसवावा लागतो. आणि शाफ्टच्या बेअरिंगना तेल देणारी भोकं बंद करावी लागतात. बेअरिंग फिरवून बसवलं की त्याच्याच अंगानं भोक झाकलं जातं. हे विसरलात तर तेल तिथून मोकळं वाहणार, प्रेशर पडणार, आणि क्रँकची बेअरिंगं जळणार. होंडाच्या के२४ इंजिनात शाफ्टची जोडी आणि ऑइल पंप एकाच युनिटमध्ये, खाली तेलाच्या चेंबरात. तिथे शाफ्ट काढणं म्हणजे पंपच बदलणं.

आता स्क्रूड्रायव्हर. "गाडी थरथरते, शाफ्ट काढतो" म्हणणाऱ्यांनी आधी हे करा. ४जी६३ मध्ये ऑइल पंपाच्या पुलीची खूण बरोबर जुळते, तरी आतला शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. तसं झालं तर दोन शाफ्ट उभ्यात एकमेकांनाच मारतात, पिस्टनचा धक्का जसाच्या तसा राहतो, आणि शिवाय आडवा धक्का नव्यानं सुरू होतो. शाफ्ट नसलेल्या इंजिनापेक्षाही वाईट!

ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाच्या, कुशीत एक प्लग आहे, तो काढा. बेल्ट बसवताना खुणा जुळल्या की ८ मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर त्या भोकात घाला. ६० मिमी आत गेला तर शाफ्ट बरोबर. २०-२५ मिमीवर अडला तर पंपाची पुली एक पूर्ण फेरा फिरवा, खूण परत जुळवा आणि पुन्हा घालून बघा.