हापसा कुठल्या देशाचा?

(दृश्य : किबाहा, सकाळ. शाळेचं आवार.)

दार-ए-सलामहून पश्चिमेला निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर किबाहा लागतं. माध्यमिक शाळा, आरोग्य केंद्र, शेतकऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र, सगळं इथं एकाच आवारात उभं राहिलं. करार झाला १० जानेवारी १९६३ रोजी. एका बाजूला टांगानिका, म्हणजे झांझिबार जोडलं जाण्याआधीचा टांझानिया. स्वातंत्र्य मिळून जेमतेम तेरा महिने झालेला देश. दुसऱ्या बाजूला एकमेकांचे शेजारी : डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन.

राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे अज्ञान, रोगराई आणि दारिद्र्य हे देशाचे तीन शत्रू सांगत. किबाहाची आखणी या तिघांना समोर ठेवून झाली. पैसा चौघांचा, काम एकच. १९७० मध्ये त्यांनी हे केंद्र टांझानियाच्या हवाली केलं.

शेजाऱ्यांनी मिळून मदत करायची, तर ती अशी. मग पुढची अनेक वर्षं हे पुन्हा इतकं सोपं का राहिलं नाही?

(दृश्य : नकाशा. टांझानियाचे प्रांत एकेक करून रंगत जातात.)

किबाहाचं काम चालू असतानाच या देशांनी मदतीसाठी आपापल्या संस्था उभ्या केल्या. स्वीडनची सिडा १९६५ मध्ये, नॉर्वेची नोराड १९६८ मध्ये. प्रत्येकाची संसद वेगळी, आर्थिक वर्ष आणि हिशेबाची पद्धतही वेगळी.

१९७१ मध्ये टांझानियानं एक मोठा निश्चय केला. वीस वर्षांत, म्हणजे १९९१ पर्यंत, खेड्यातल्या प्रत्येक घरापासून चारशे मीटरच्या आत पाणी असेल. मदत करणारे पुढे आले आणि देशाच्या नकाशाची वाटणी झाली. व्हिक्टोरिया सरोवराकाठचे म्वांझा, मारा, कागेरा हे प्रांत स्वीडनकडे. इरिंगा, म्बेया, रुवुमा डेन्मार्ककडे. रुक्वा आणि किगोमा नॉर्वेकडे. दक्षिणेकडचे म्त्वारा आणि लिंडी फिनलंडकडे. शिन्यांगा आणि मोरोगोरोत नेदरलँड्स.

वरवर पाहिलं तर ही वाटणी शहाणपणाची वाटते. कोणी कोणाच्या पायात येत नाही. पण आता नकाशावरून नजर काढून विहिरीवर या.

(दृश्य : हापशाचा दांडा, जवळून.)

फिनलंडच्या भागात निरा नावाचा फिनिश हापसा बसला. डच प्रकल्पांत डच बनावटीचा. एकाचा वायसर दुसऱ्याला बसत नाही. एका प्रांतात दुरुस्ती शिकलेला माणूस दुसऱ्या प्रांतात गेला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागणार. शेजाऱ्यांनी प्रांत वाटून घेतले, पण हापसा कुठला बसवायचा हे एकत्र बसून ठरवलं नाही. माझ्या मते मदतीतला समन्वय म्हणजे काय, हे समजून घ्यायला एवढं उदाहरण पुरेसं आहे. एकमेकांच्या वाटेत न येणं वेगळं आणि एका वाटेनं चालणं वेगळं.

१९९१ आलं आणि गेलं. चारशे मीटरचं स्वप्न पुरं झालं नाही. त्याला कारणं अनेक, आर्थिक संकट त्यातलं मोठं. पण बंद पडलेल्या पंपांचा वाटाही त्यात आहे.

(दृश्य : उटस्टाइन मठ, नॉर्वेचा पश्चिम किनारा.)

१९९९ मध्ये नॉर्वेतल्या या जुन्या मठात चार मंत्री जमल्या. नॉर्वेच्या हिल्डे फ्राफ्योर्ड जॉन्सन, नेदरलँड्सच्या एव्हेलिन हेरफकेन्स, ब्रिटनच्या क्लेअर शॉर्ट, जर्मनीच्या हायडेमारी विचोरेक-त्सॉइल. चौघींकडे आपापल्या देशाचं विकास-मदतीचं खातं. मदत घेणाऱ्या देशाच्या डोक्यावरचा कागदांचा भार आपणच कमी करायला हवा, असं चौघींचं मत होतं. भ्रष्टाचाराविरुद्ध त्यांच्या देशांनी उभं केलेलं सामायिक केंद्र नॉर्वेतल्या बर्गेन शहरात आजही काम करतं.

याच सुमारास मलावीमध्ये त्याहून धाडसाची गोष्ट घडली. स्वीडननं आपला पैसा नॉर्वेच्या हाती सोपवला. सरकारशी बोलणी, देखरेख, हिशेब, सगळं नॉर्वे पाहणार. स्वीडन मूक भागीदार. मलावीच्या अधिकाऱ्यांना दोन दारं ठोठवावी लागणार नाहीत. हे कागदावर सोपं दिसतं, पण प्रत्यक्षात फार अवघड आहे. आपल्या करदात्यांचा पैसा, आणि त्यावर नाव शेजाऱ्याचं! संसदेत उभं राहून याचं उत्तर देणाऱ्या मंत्र्याबद्दल मला आदर वाटतो.

२ मार्च २००५ रोजी पॅरिसमध्ये नव्वदहून अधिक देशांनी मिळून मदत कशी द्यावी याचा जाहीरनामा काढला. त्यात २०१० पर्यंतची उद्दिष्टं आकड्यांत लिहिली. पाहणीसाठी जाणाऱ्या शंभर पथकांपैकी निदान चाळीस पथकं दोन किंवा अधिक देशांनी मिळून पाठवावीत, हे त्यातलंच एक. २०१० ची मोजणी आली तेव्हा तो आकडा वीसच्याही आत होता. तेरा उद्दिष्टांपैकी जगभरात गाठलं गेलं फक्त एक.

(दृश्य : वॉशिंग्टन, जागतिक बँक.)

हेच शेजारी इथं मात्र वेगळे दिसतात. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन, आइसलंड आणि तीन बाल्टिक देश, असे आठ देश बँकेच्या संचालक मंडळात एकाच खुर्चीवर बसतात. ती खुर्ची त्यांच्यात फिरत राहते. बोलायचं काय, हे आधी आपसांत ठरवावंच लागतं, कारण दुसरी खुर्ची नाही. म्हणजे यांना एका आवाजात बोलता येत नाही असं नाही. दूतावास वेगळे, झेंडे वेगळे, पैशाच्या पिशव्या वेगळ्या असतात, तिथं तशी गरज कोणाला भासत नाही.

(दृश्य : दार-ए-सलाम, दुपार. सरकारी कचेरीचा व्हरांडा.)

टांझानियानं शेवटी आपल्या बाजूनं एक नियम केला. नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी अर्थसंकल्प तयार होत असताना मदत देणाऱ्या देशांनी आपली पथकं पाठवू नयेत. या दिवसांना नाव दिलं गेलं ‘शांत काळ’. या काळात अर्थखात्यातल्या माणसांना पाहुण्यांसाठी अहवाल लिहायचे नसतात. समोर आपल्याच देशाचा जमाखर्च असतो, आणि तो मांडायला सलग वेळ.